नमाजेत मन लागत नाही, नियत जमत नाही: एका नर्सच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न विचारणारी मुलगी वर्ध्याकडची, मराठी शाळेत शिकलेली. नागपुरात एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तिने लिहिलंय:

"आपा, अस्सलामु अलैकुम. मी पाच वेळची नमाज पढते, ड्यूटीमुळे एखादी राहिली तर नंतर कजा पढते. पण मन लागत नाही. हात बांधले की डोक्यात वॉर्ड सुरू होतो. तेरा नंबरचं सलाईन, हँडओव्हरला सांगायचं राहिलेलं काहीतरी, खोलीचं भाडं. शेवटी सलाम फेरून नमाज संपवल्यावर दुसऱ्या रकातीत, म्हणजे दुसऱ्या आवर्तनात, कुरआनातली कोणती सूरत पढली तेही आठवत नाही. नियतीचे, म्हणजे नमाजेच्या इराद्याचे, उर्दू शब्द मागेपुढे होतात, मग वाटतं नमाज सुरूच झाली नाही, म्हणून परत तकबीर, सुरुवातीचं 'अल्लाहु अकबर', म्हणते. कधी कधी चार वेळा. रूममेट म्हणते तू किती दीनदार, किती धार्मिक, ते आतून आवडतं आणि लगेच भीती वाटते की माझं सगळं दिखाव्याचंच आहे. अशी नमाज होते का? की थांबवावी आणि मन साफ झाल्यावर सुरू करावी?"

व अलैकुम अस्सलाम बेटा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण घाई त्याचीच आहे. थांबवू नकोस. एका वेळचीही सोडू नकोस. ताप उतरला की औषध सुरू करते, असं एखादा पेशंट म्हणाला तर तू त्याला काय सांगशील? तेच स्वतःला सांग.

मी काटोलकडच्या खेड्यातली. लग्न होऊन नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आले त्याला ३७ वर्षं झाली, आणि त्यातली २५ तरी घराच्या पुढच्या खोलीत बायका-मुलींना नमाज, कुरआनचं वाचन आणि पुढे त्याचा अर्थ शिकवण्यात गेली. मी धर्माचा निवाडा देणारी मुफ्ती नाही. धर्माचा एखादा मसला अडला की मीही विचारायला जाते. पण तुझ्यासारखा प्रश्न घेऊन आलेल्या मुली मी खूप पाहिल्यात, आणि वयाच्या चाळिशीपर्यंत मी स्वतःच तो प्रश्न घेऊन फिरत होते.

आधी नियतीचं बघू, कारण तिथे तू विनाकारण अडकली आहेस.

हजरत उमर रजियल्लाहु अन्हु यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तुला पाठ असेल: कर्मांचा आधार नियतीवर आहे आणि माणसाला तेच मिळतं ज्याची त्याने नियत केली. 'सहीह बुखारी' या हदीससंग्रहाची सुरुवातच या हदीसने होते. तिच्यात पुढे हिजरतीचं उदाहरण आहे. दोन माणसं मक्का सोडून मदिन्याला निघाली. रस्ता तोच, वाळवंट तेच, पायाला फोड सारखेच. एक अल्लाह आणि त्याच्या रसूलसाठी, पैगंबरांसाठी, निघाला, दुसरा दुनियेच्या फायद्यासाठी किंवा एका बाईशी लग्न करायला. बघणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसणार नाही. फरक आहे तो आत, आणि त्यालाच नियत म्हणतात.

म्हणजे नियत हे वाक्य नाही. 'नियत करती हूँ मैं चार रकात नमाज फर्ज की, वास्ते अल्लाह तआला के, मुँह मेरा काबा शरीफ की तरफ' हे शब्द आपल्याला लहानपणी शिकवले गेले, पण रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम किंवा त्यांचे साथी सहाबा नमाजेआधी असं काही म्हणत असल्याचं कुठे आलेलं नाही. नंतरच्या हनफी, म्हणजे आपल्या मताच्या, उलेमांनी हे म्हणणं चांगलं ठरवलं ते एवढ्यासाठी, की विखुरलेलं मन जिभेच्या आधाराने गोळा व्हावं. आधाराला दिलेली काठी आहे ती. तुझ्या बाबतीत तीच पायात येतेय, तर भिंतीला टेकवून ठेव आणि चालायला लाग.

नियत झाली की नाही हे ओळखायची एक जुनी खूण आहे. तकबीर म्हणण्याच्या क्षणी कुणी खांद्याला हात लावून विचारलं, 'काय पढतेस?' आणि न आठवता तुझ्या तोंडून निघालं, 'जुहरचे फर्ज', म्हणजे दुपारच्या नमाजेचा बंधनकारक भाग, तर नियत झालेली आहे. इंजेक्शन देताना तू 'मी आता हे इंजेक्शन देण्याचा इरादा करते' असं म्हणतेस का? ट्रे उचललास, पेशंटचं नाव वाचलंस, औषधावरची तारीख बघितलीस, त्यातच इरादा आला. तसंच हात-तोंड-पाय धुऊन वुजू केलास, दुपट्टा सारखा केलास, जानमाज अंथरलीस. ही सगळी नियतच आहे. म्हणून आजपासून तकबीर एकदाच. शंका आली तरी दुसऱ्यांदा नाही. पहिल्या आठवड्यात जीव घाबरा होईल, होऊ दे.

रोजाचंही तसंच. रमजानच्या वेळापत्रकावर 'व बिसौमि गदिन नवैतु' छापलेलं असतं आणि ते न म्हटल्यामुळे रोजा गेला म्हणून रडणारी मुलगी दर वर्षी माझ्याकडे येते. अगं, पहाटे गजर लावून उठलीस, सेहरीला दोन घास खाल्लेस, ते उगाच का? तीच तुझी नियत. हनफी मताप्रमाणे रमजानच्या रोजाची नियत दिवस निम्मा व्हायच्या आतसुद्धा करता येते, मात्र तोवर काही खाल्लेलं-प्यायलेलं नसावं. शाफई या दुसऱ्या मताप्रमाणे ती पहाटेच्या फजरच्या आधी, रात्रीतच व्हायला हवी. वुजूतही हा फरक आहे. आपल्याकडे वुजूची नियत सुन्नत, म्हणजे केलेली चांगली, त्यांच्याकडे फर्ज. तुझी एखादी सहकारी कोकणातली असेल तर ती बहुतेक शाफई असेल, तिच्याशी यावरून वाद घालू नकोस.

'मुँह मेरा काबा शरीफ की तरफ' यावरून आठवलं. एक मुलगी मोबाईलवरचं होकायंत्र जानमाजवर ठेवून पाच-पाच मिनिटं जानमाज फिरवत बसायची. नागपूर आणि मक्का जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही २१ अंशांच्या थोडे वर. त्यामुळे किबला, म्हणजे काबाची दिशा, सरळ मावळतीला असं वाटतं. पृथ्वी गोल असल्याने जवळचा रस्ता पश्चिमेच्या किंचित उत्तरेला झुकतो, सात-आठ अंश. हे माहीत असावं. पण चार हजार किलोमीटरवरून काबाची भिंत नेमकी धरायची जबाबदारी आपल्यावर टाकलेलीच नाही, दिशा धरायची आहे. त्या मुलीला मी म्हटलं, दोन अंशांची इतकी काळजी करतेस, त्यात मनाचं तोंड कुठे आहे ते बघायला वेळ उरतो का?

नियतीचं खरं काम काय, तर सवय आणि इबादत, म्हणजे उपासना, वेगळी करणं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की नागपुरात सगळेच दिवसातून दोनदा आंघोळ करतात. ती गारव्यासाठी. तीच बादली, तेच पाणी, पण जुम्याच्या नमाजेला जायचं म्हणून केलेली आंघोळ सवाबाची, पुण्याची. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सकाळपासून उपाशी राहणारा पेशंट आणि रोजेदार, दोघांच्या पोटात भूक सारखीच. त्यातली एकच भूक अल्लाहसाठी आहे.

आता मन भटकण्याचं.

माझे सासरे हातमागावर सुती लुगडी विणायचे. मोमिनपुऱ्यात तेव्हा माग बंद पडत चालले होते, तरी आमच्या घरात एक होता, आता मी शिकवते त्याच खोलीत. मी नवी सून, दारात बसून तांदूळ निवडायची आणि बघायची. धोटा इकडून तिकडे, खट् खट्, आणि मध्येच आवाज बदलायचा. धागा तुटलेला असायचा. ते हात थांबवायचे, वाकून टोक शोधायचे, बोटं ओली करून दोन टोकं पिळायचे, बारीक गाठ मारायचे आणि पुन्हा खट् खट्. एकदा मी विचारलं, एका लुगड्यात असा किती वेळा तुटतो? ते म्हणाले, "मोजत बसलो तर लुगडं उतरणार कधी?" पण तुटलेला धागा त्यांनी तसाच कधी सोडला नाही. सोडला तर तिथे जाळी पडते आणि व्यापारी माल परत करतो.

नमाजेत मला या दोन्ही गोष्टी लागल्या. मन गेलं हे लक्षात आलं की स्वतःवर चिडायचं नाही. चिडणं हे आणखी एक भटकणंच आहे. आणि 'आता गेलंच आहे तर जाऊ दे' असंही म्हणायचं नाही. जिभेवर त्या क्षणी जो शब्द आहे त्याचं टोक धरायचं. मागे जायचं नाही, सूरत पुन्हा सुरू करायची नाही. चार रकातींत चाळीस वेळा मन गेलं आणि चाळीस वेळा तू त्याला परत आणलंस, तर चाळीस वेळा तू अल्लाहकडे तोंड वळवलंस. दिवसभर वॉर्डात धावलेल्या माणसाची नमाज अशी गाठींचीच असणार. गाठींचं लुगडंही नेसता येतं.

हदीसमध्ये आलं आहे की नमाज सुरू झाली की शैतान येऊन म्हणतो, हे आठव, ते आठव, जे माणसाला एरवी आठवलंही नसतं. इतकं की त्याला किती रकाती झाल्या कळेनासं होतं. म्हणजे तुझं तेरा नंबरचं सलाईन काही नवं नाही. आणि त्यावर रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी काय शिकवलं? तुझी नमाज वाया गेली असं म्हटलं नाही, शेवटी दोन सजदे कर, दोनदा कपाळ जमिनीला टेकव, असं सांगितलं. दोन की तीन ही शंका तुला नेहमीच येते, तर मन जिकडे जास्त झुकेल तो आकडा धर. कुठेच झुकत नसेल तर कमी आकडा धर आणि शेवटी तेच दोन सजदे, सजदा-ए-सह्व, कर. नमाज संपल्यावर आलेल्या शंकेकडे बघूच नकोस.

'होते का' या तुझ्या शब्दात दोन वेगळे प्रश्न आहेत. शर्ती पुऱ्या झाल्या, रुकन, म्हणजे नमाजेचे आवश्यक भाग, पुरे झाले, तर फर्ज उतरला. त्यातलं किती लिहिलं गेलं, ही दुसरी गोष्ट. एका हदीसमध्ये आहे की माणूस नमाज संपवून निघतो आणि त्याच्या नावावर कधी दहावा हिस्सा लिहिलेला असतो, कधी आठवा, कधी पाचवा, कधी निम्मा. मला यात धमकीपेक्षा दिलासा जास्त दिसतो. आज दहावा असेल तर उद्या नववा करता येतो.

तो कसा करायचा, ते आता सांगते.

सुरुवात शरीरापासून कर, मनापासून नाही. एक माणूस मशिदीत आला, घाईघाईत नमाज पढला आणि सलाम करायला आला. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम म्हणाले, परत जा, नमाज पढ, तू नमाज पढली नाहीस. असं तीनदा झालं. मग त्याला शिकवलं ते काय, तर रुकूत, म्हणजे कमरेत वाकल्यावर, स्थिर हो, उठल्यावर सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, दोन सजद्यांच्या मध्ये नीट बस. म्हणजे आधी हाडं जागेवर यायला हवीत. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जणी रुकूतून उठतात न उठतात तोच सजद्यात जातात. तू रुकूतून उठलीस की पाठीचा कणा पूर्ण सरळ होऊ दे आणि एकदा सुबहानल्लाह म्हणण्याइतकी थांब. दोन सजद्यांच्या मध्येही तेवढंच. चार रकातींना यात अर्धा मिनिटही वाढत नाही. शरीर धावत असेल तर मन बसणार कुठे?

दुसरं, नमाज तकबीरच्या आधी सुरू होते. जेवण समोर आलेलं असताना किंवा लघवी-संडास रोखून धरलेली असताना नमाज नाही, अशी स्पष्ट हदीस आहे. तुम्ही नर्सेस तासन्‌तास लघवी रोखता हे मला माहीत आहे. आधी ते उरक. ब्रेक वीस मिनिटांचा असेल तर जेवणाचा डबा अर्धा खाऊन निवांत नमाज पढ, वेळ जात नसेल तर. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी एकदा नक्षीदार चादर घेऊन नमाज पढली, लक्ष नक्षीकडे गेलं, तर नमाज होताच ती परत पाठवून साधी मागवली. आपण कोण, की मोबाईल समोर उजळत असताना आपलं मन लागेल? तो पर्समध्ये, पर्स पाठीमागे. घरी कुकर लावून नमाजेला उभं राहण्याची आम्हा बायकांची खोड आहे. तिसऱ्या शिट्टीवर कान असले की बसून म्हणायची अत्तहियात कानाबाहेरूनच जाते. गॅस बंद करून उभी राहा.

डोक्यातली कामं हाकलून जात नाहीत, ती कागदावर उतरली की शांत होतात. हँडओव्हरची वही असतेच तुझ्याकडे. वुजूला जाण्याआधी राहिलेलं सगळं त्यात लिही. माझी एक शिष्या कॉलेजात शिकवते, तिने हे करून बघितलं. ती म्हणाली, आपा, अर्धा शैतान वहीतच राहतो.

तिसरं, आणि यावर मी थोडी थांबणार आहे, कारण माझी स्वतःची नमाज इथून बदलली.

प्रत्येक रकातीत म्हणायची सूरह फातिहा मला पाचव्या वर्षापासून पाठ होती. फर्जच्या म्हटल्या तरी दिवसाला सतरा रकाती. म्हणजे चाळिशीपर्यंत मी फातिहा लाखाच्या वर वेळा म्हटली असेल, आणि 'इय्याक नाबुदु' म्हणजे काय हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एके दिवशी कुरआनचं मराठी भाषांतर हाती आलं. ज्या भाषेत मी आईशी भांडले, हिशेब शिकले, त्या भाषेत पहिल्यांदा वाचलं: आम्ही तुझीच इबादत करतो आणि तुझ्याकडेच मदत मागतो. मी वाचता वाचता थांबले. इतकी वर्षं मी मदत मागत होते आणि आपण मागतोय हे मलाच माहीत नव्हतं.

मग ती हदीसे कुदसी कळली. अल्लाह म्हणतो, मी नमाज माझ्यात आणि माझ्या बंद्यात अर्धी-अर्धी वाटली आहे. बंदा म्हणतो 'अल्हम्दु लिल्लाहि रब्बिल आलमीन', अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझी स्तुती केली. बंदा म्हणतो 'अर्रहमानिर्रहीम', अल्लाह म्हणतो, माझ्या बंद्याने माझे गुण गायिले. 'मालिकि यौमिद्दीन' म्हटलं की, माझ्या बंद्याने माझा मोठेपणा सांगितला. 'इय्याक नाबुदु व इय्याक नस्तईन' ला उत्तर येतं, हे माझ्यात आणि माझ्या बंद्यात आहे, आणि माझा बंदा जे मागेल ते त्याला. 'इहदिनस्सिरातल मुस्तकीम' पासून शेवटपर्यंत, हे माझ्या बंद्यासाठी, त्याने मागितलं ते त्याला मिळेल.

आता सांग, समोरून उत्तर येत असताना सातही आयती, म्हणजे फातिहाची वाक्यं, एका श्वासात कशा म्हणायच्या? डॉक्टर राऊंडला आल्यावर तू प्रश्न विचारतेस आणि उत्तर यायच्या आत पुढच्या बेडकडे निघून जातेस का? प्रत्येक आयतीनंतर एक श्वास थांब. काही म्हणायचं नाही, फक्त थांबायचं. पहिले दोन-तीन दिवस फातिहा लांबल्यासारखी वाटेल. नंतर थांबल्याशिवाय पुढे जाववणार नाही. नमाजेच्या बाकीच्या भागात मन नाही लागलं तरी चालेल, महिनाभर फक्त एवढंच कर.

सूरतही दर वेळी 'कुल हुवल्लाह'च नको. ती फार थोर सूरत आहे, पण आपण ती लवकर संपते म्हणून पढतो, हे आपल्यालाही माहीत असतं आणि अल्लाहलाही. महिन्याला एक छोटी सूरत मराठी अर्थासह शीक. तुला मी सूरह माऊन सांगेन, सातच आयती. तिच्यात त्या नमाजींवर खेद आहे जे आपल्या नमाजेपासून गाफील आहेत, जे दाखवण्यासाठी करतात आणि जे 'माऊन' नाकारतात. माऊन म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याला सहज देण्याची वस्तू, कुरआनचा अर्थ उलगडणाऱ्या जुन्या मुफस्सिरांनी बादली, कुऱ्हाड, भांडं अशी उदाहरणं दिली आहेत. मला आश्चर्य याचं वाटलं की गाफील नमाज आणि शेजारणीला न दिलेली बादली एकाच सूरतमध्ये, एकामागे एक येतात. तुझी रूममेट तुझा चार्जर मागते तेव्हा तू काय करतेस, त्याचाही तुझ्या नमाजेशी संबंध आहे.

नमाजेच्या आतले शब्द अरबीच ठेव. पण सलाम फेरल्यावर दुआ मराठीत कर. आपल्यातल्या कित्येकींना वाटतं की दुआ उर्दूतच लागते. माझी आई काटोलच्या घरी संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजेनंतर पदर पसरून म्हणायची, "अल्ला, पोराईले सुखी ठेव, यंदा कपाशीले पाणी येऊ दे, शेजारच्या बाईचं बाळंतपण सुखरूप होऊ दे." तिला याहून जास्त काही येत नव्हतं. तिच्या दुआत मन नाही असं मी एकदाही पाहिलं नाही, कारण प्रत्येक शब्द तिचा स्वतःचा होता.

महिन्याच्या त्या दिवसांत नमाज माफ आहे, तिची कजाही नाही. तरी नमाजेच्या वेळी वुजू करून जानमाजवर पाच मिनिटं बस, तसबीह पढ, अल्लाहचं नाव घे. फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, हे चांगलं म्हटलंय, आणि सात दिवसांनी परत उभी राहताना तुला परकं वाटणार नाही.

आता ती भीती, दिखाव्याची.

रूममेटने कौतुक केलं आणि तुला आवडलं. कौतुक आवडणं हा माणसाचा स्वभाव आहे, त्याला लगेच रिया, म्हणजे दिखावा, म्हणू नकोस. रिया तेव्हा, जेव्हा ती खोलीत आहे म्हणून तुझा सजदा लांबतो आणि ती गावाला गेली की आखडतो. हे तपासायचं असेल तर तेवढंच तपास. लांबत असेल तर नमाज कमी करू नकोस, एकटी असतानाची वाढव. जुने संत फुजैल बिन इयाज रहमतुल्लाह अलैह यांचं म्हणणं आहे की लोकांमुळे अमल, म्हणजे चांगलं काम, सोडणं हीसुद्धा रियाच. तू नमाज थांबवायचा विचार केलास तो नेमका याच खड्ड्याकडे जात होता.

२०२० चा रमजान मला यासाठी आठवतो. २५ एप्रिलला पहिला रोजा. कोरोनामुळे मोमिनपुरा प्रतिबंधित क्षेत्रात, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधलेले, मशिदीत जमात, म्हणजे एकत्र नमाज, बंद. माझा धाकटा मुलगा तोवर दर वर्षी पहिल्या सफेत, म्हणजे रांगेत, रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज पढायचा, नवा कुर्ता, अत्तर, पाठीमागे मित्र. त्या वर्षी घरात आम्ही तिघंच. त्याला शेवटच्या दहा सूरती पाठ, त्याच तो उलटून-पालटून पढायचा. तिसऱ्या रात्री आठ रकातींनंतर तो जानमाजवरच बसून राहिला आणि म्हणाला, "अम्मी, कुणी बघत नाही तर होतच नाही माझ्याने." मला त्याच्या खरेपणाचं फार मोल वाटलं. मी म्हटलं, बस थोडा वेळ, मग दोनच पढ, पण त्या दोन त्याच्यासाठी पढ जो बघतोय. जिब्रील फरिश्त्याच्या हदीसमधलं एहसान, म्हणजे उत्तम इबादत, हेच ना, की अल्लाहची इबादत अशी कर जणू तू त्याला पाहतोयस, आणि तू त्याला पाहत नसलास तरी तो तुला पाहतोय. त्या दोन रकाती त्याने इतक्या सावकाश पढल्या की माझे गुडघे भरून आले. ईदपर्यंत तो परत वीस रकातींवर आला, कुर्ता साधाच होता.

त्याच महिन्यात रेशनचे किट वाटताना घेणाऱ्या बाईला उभं करून फोटो काढणारेही मी पाहिले. ती बाई पदराने तोंड झाकत होती आणि तिला पदर खाली घे म्हणत होते. कुरआनात सूरह बकरात सांगितलंय की उपकार बोलून दाखवून आणि दुखवून आपला सदका, म्हणजे दान, वाया घालवू नका. याबद्दल मला अजूनही राग आहे आणि तो मी लपवत नाही. तू जकात, म्हणजे दर वर्षीचं फर्ज दान, काढशील तेव्हा नियत तुझ्या मनात असली म्हणजे पुरे, देताना किंवा पैसे बाजूला काढताना. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगायची गरज नाही. ईदी म्हणून दिलीस तरी उतरते, आणि तिची मान खाली जात नाही.

तुझ्या कामाबद्दल एकच. नमाज आणि वॉर्ड हे दोन वेगळे मुलूख आहेत असं तू धरून चालली आहेस, म्हणून वॉर्ड आठवला की तुला चोर शिरल्यासारखं वाटतं. हदीसे कुदसीत आहे, कयामतीच्या दिवशी अल्लाह म्हणेल, हे आदमच्या लेकरा, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. बंदा म्हणेल, तू तर साऱ्या जगांचा पालनकर्ता, मी तुला कसा भेटायला येणार? अल्लाह म्हणेल, माझा अमुक बंदा आजारी होता, तू गेला असतास तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो. तुला या भेटीचा पगार मिळतो म्हणून ती कमी होत नाही, नियत सोबत असली तर. ड्यूटीवर ॲप्रन चढवताना मनात एकदा ती धर. आणि नमाजेत असताना पेशंटची तब्येत बिघडल्याची हाक आली तर नमाज तोड आणि धाव. जीव वाचवण्यासाठी नमाज तोडणं नुसतं चालतं असं नाही, ते वाजिब, म्हणजे करायलाच हवं असं, आहे. नंतर पुन्हा पढ. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम तर जमातीत लहान मूल रडल्याचा आवाज आला तरी त्याच्या आईसाठी नमाज आटोपती घेत.

एक गोष्ट नर्सला सांगताना संकोच नको. तकबीर चार वेळा, इथवर ठीक आहे. पण हेच वुजूत हात वीस वेळा धुण्यापर्यंत गेलं, अर्धा तास नळाखाली जायला लागला, तर तो ईमानचा कमकुवतपणा समजू नकोस, मनोविकारतज्ज्ञांना दाखव. लिटरभराच्या आतबाहेर पाण्यात रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम वुजू करत. माझ्याकडची एक मुलगी औषधाने बरी झाली आणि आता ती माझ्याआधी वुजू आटोपून बसलेली असते.

या आठवड्यात तीनच गोष्टी कर: तकबीर एकदा, रुकूनंतर पाठ सरळ, आणि फातिहात आयतीगणिक थांबणं. नाईट असेल तर फजरची नमाज हँडओव्हरच्या गडबडीत ढकलू नकोस, वेळ लागताच पढून घे. तेव्हा वॉर्ड बहुतेक झोपलेला असतो आणि तुला पंधरा मिनिटं मिळतात. रविवारी सुट्टी असेल तर दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजेनंतर ये. येताना वही आण, सूरह माऊनचा अर्थ तुझ्याच हाताने मराठीत लिहून घेऊ. जेवूनच जा.